दर सरकारचा, पाया डीलरचा : न्यू जर्सीत नवी गाडी घेताना

अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर जी किंमत छापलेली असते ती सहसा कोणी भरत नाही, आणि विक्रीकर मोजला जातो तोही त्या किमतीवर नव्हे. या दोन्ही गोष्टी मला ऐकून माहीत होत्या. पण गेल्या हिवाळ्यात आम्ही आमची जुनी सेडान देऊन एक हायब्रिड एसयूव्ही घेतली, तेव्हा छापील किमतीपासून शेवटच्या रकमेपर्यंतची प्रत्येक ओळ मी कागदावर मांडून तपासली, आणि कर व डीलरचे आकार एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते नीट उमगले. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे पुढचा हिशेब या राज्याच्या नियमांचा आहे. इतर राज्यांत तो बदलतो आणि काही ठिकाणी तर उलटतो, त्याविषयी ओघात लिहीनच.

सुरुवात काचेवरच्या कागदापासून करतो. हा कागद लावणे १९५८ सालच्या संघराज्य कायद्याने बंधनकारक केले. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी तो कायदा पुढे रेटला, म्हणून आजही त्याला ‘मनरोनी स्टिकर’ म्हणतात. उत्पादकाने सुचवलेली किरकोळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा सोयींच्या किमती, गाडीची अंतिम जुळणी कुठे झाली, इंधन किती लागते आणि गाडी डीलरपर्यंत पोचवण्याचा खर्च, एवढे सगळे त्यावर असते. आमच्या गाडीवर एकूण ३८,४०० डॉलर छापलेले होते आणि त्यात पोचवणीचे १,३९५ डॉलर धरलेले होते. हा पोचवणीखर्च एका मॉडेलला साधारणपणे सगळीकडे सारखाच लावतात, मग डीलर कारखान्याच्या शेजारी असो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही; मात्र तो किमतीचाच भाग असल्यामुळे त्याच्यावरही विक्रीकर लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. आयात गाड्यांवर एप्रिल २०२५ पासून लावलेले शुल्कही असेच किमतीच्या पोटात जाते, त्याची वेगळी ओळ या कागदावर शोधून सापडत नाही.

खरी मौज त्याच्या शेजारी लावलेल्या दुसऱ्या कागदात असते. हा डीलरचा स्वतःचा पुरवणी कागद. आकार तोच, अक्षरांचे वळण तेच, रकाने तसेच आखलेले, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला दोन्ही कागद एकाच कारखान्यातून आले असे वाटावे. आमच्या गाडीच्या या दुसऱ्या कागदावर ‘संरक्षण पॅकेज’ या नावाखाली १,२९५ डॉलर होते, आणि त्यात टायरमध्ये भरलेला नायट्रोजन, दारांच्या कडांना लावलेल्या पारदर्शक पट्ट्या आणि काचांवर कोरलेला गाडीचा क्रमांक एवढ्या वस्तू होत्या. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या टक्क्यांसाठी पैसे मोजायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही मोजायचे नाहीत असे ठरवले.

आता कराकडे वळतो. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. २०१६ अखेरपर्यंत तो ७ टक्के होता, २०१७ मध्ये ६.८७५ झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून आजच्या दरावर आला. गाडी राज्यात कुठेही घेतली तरी दर हाच, कारण इथे त्याच्यावर काउंटीचा किंवा गावाचा वेगळा कर बसत नाही; शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या ४ टक्क्यांवर स्थानिक कर चढतात आणि न्यूयॉर्क शहरात बेरीज ८.८७५ टक्क्यांपर्यंत जाते. आमच्या मंडळींत गाडीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सुचवते, “डेलावेअरला जाऊन घ्या, तिथे टॅक्सच नाही.” डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही हे खरे, आणि टीव्ही किंवा लॅपटॉप घ्यायला लोक तिकडे जातात हेही खरे, पण गाडीचा कर तुम्ही ती कुठे विकत घेतली यावर नव्हे, तर तिची नोंदणी कुठे करता यावर ठरतो. न्यू जर्सीचा रहिवासी डेलावेअरहून गाडी घेऊन आला, तरी इथल्या मोटर व्हेइकल कमिशनकडे नोंदणी करताना ६.६२५ टक्के मोजल्याशिवाय त्याला टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, मिळत नाही.

म्हणजे दरात घासाघीस नाही. घासाघीस होते ती ज्या रकमेवर हा दर लावायचा त्या रकमेत, आणि ती रक्कम सरकार नव्हे, डीलर रचतो. विक्रेत्याकडचे बहुतेक संभाषण ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या नजरेआड राहावी अशाच बेताने चालते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “महिन्याला किती हप्ता परवडेल?” या प्रश्नाला एक आकडा देऊन टाकला की गाडीची किंमत, जुन्या गाडीचे मोल, आकार, कर, व्याज आणि मुदत या सगळ्यांचे गाठोडे बांधले जाते आणि त्यातले काय कुठे वाढले ते कळायला मार्ग राहत नाही. म्हणून आम्ही आधी ईमेलवर निरनिराळ्या डीलरांकडून सगळे धरून होणारी किंमत, म्हणजे इथे जिला ‘आउट द डोअर’ म्हणतात ती, ओळवार मागवली. काहींनी व्यवस्थित पाठवली. काहींनी “प्रत्यक्ष या, मग बोलू” एवढेच कळवले, आणि त्यांच्याकडे आम्ही गेलो नाही.

ज्याच्याकडून शेवटी गाडी घेतली, त्याचा पहिला कागद असा होता : गाडीची विक्री किंमत ३७,९०० डॉलर, म्हणजे छापील किमतीवर ५०० डॉलरची सूट. संरक्षण पॅकेज १,२९५. डॉक्युमेंटेशन फी, जिला बोलताना सगळे डॉक फी म्हणतात, ७९९. ‘इलेक्ट्रॉनिक नोंदणी’ १४९. टायर फी साडेसात डॉलर. आमच्या जुन्या गाडीचे १०,२०० वजा. आणि विक्रीकर १,९८३ डॉलर ७२ सेंट.

कराचा आकडा सेंटपर्यंत नेमका असला की त्याच्याविषयी आपोआप आदर वाटतो आणि तो सरकारी म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. मी मात्र तो उलटा मोजून पाहिला. विक्री किंमत, पॅकेज, डॉक फी आणि इलेक्ट्रॉनिक नोंदणी यांच्या बेरजेतून जुन्या गाडीचे मोल वजा केले की २९,९४३ डॉलर उरतात आणि त्याचे ६.६२५ टक्के बरोबर १,९८३.७२ होतात. हिशेबात चूक नव्हती. प्रश्न होता तो त्या २९,९४३ मध्ये काय काय बसवले आहे, एवढाच. पॅकेजमुळे एकट्याने ८५ डॉलर ७९ सेंट कर वाढला होता, डॉक फीमुळे ५२ डॉलर ९३ सेंट. न्यू जर्सीत डॉक फी हा विक्री किमतीचाच भाग धरला जातो, त्यामुळे तिच्यावर कर लागतो. म्हणजे कागदावरची ७९९ डॉलरची फी खिशातून जाताना जवळजवळ ८५२ डॉलरची होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे मसाल्यावरही कर.

टायर फीची गंमत वेगळीच. राज्याची ही फी नव्या गाडीच्या प्रत्येक टायरमागे दीड डॉलर, आणि त्यात स्टेपनीही धरायची असते. कागदावर साडेसात डॉलर होते, म्हणजे पाच टायर. पण या हायब्रिडमध्ये स्टेपनीच नाही, मागच्या खणात पंक्चर बुजवायचे साहित्य आणि छोटा पंप तेवढा असतो. मी मागचे दार उघडून तो खण दाखवला, तेव्हा विक्रेता हसला आणि त्याने सहा डॉलर केले. दीड डॉलरसाठी भांडणारा माणूस म्हणून माझी नोंद झाली असेल. पण कागदातली प्रत्येक ओळ वाचली जाणार आहे हेही त्याला तिथेच कळले, आणि त्यानंतरचे बोलणे बरेच सरळ झाले.

डॉक फी म्हणजे डीलरने टायटल, नोंदणी, कर्जाची कागदपत्रे वगैरे तयार केल्याबद्दल घेतलेला आकार. ती सरकारी फी नाही, तिचा एकही सेंट राज्याकडे जात नाही. न्यू जर्सीत तिच्यावर कमाल मर्यादा नाही. ग्राहकसंरक्षणाच्या नियमांनुसार डीलरने ती कशाकशासाठी घेतली ते वेगवेगळे करून दाखवायला हवे, एवढेच बंधन आहे. इतर राज्यांत चित्र फार वेगळे दिसते. कॅलिफोर्नियात ती कायद्याने ८५ डॉलरवर रोखलेली आहे, न्यूयॉर्कमध्ये १७५ वर, तर फ्लोरिडात मर्यादाच नसल्यामुळे तिथे हजाराच्या आसपासची डॉक फी आश्चर्याची समजली जात नाही. तेच काम, तेच फॉर्म आणि बहुधा तेच संगणकी सॉफ्टवेअर, तरीही किमतीत दहापट अंतर. त्यामुळे ही फी कागदपत्रांच्या खर्चावरून ठरत असेल यावर माझा विश्वास नाही.

ही फी कमी करा म्हटल्यावर व्यवस्थापकाने जे उत्तर दिले ते सगळीकडे मिळते : “ही सगळ्यांना सारखी लावावी लागते, एकाला कमी करता येत नाही.” यात थोडे तथ्य आहे, कारण एका गिऱ्हाइकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी फी लावली तर भेदभावाची तक्रार होऊ शकते, आणि म्हणून बहुतेक डीलर ती ओळ बदलत नाहीत. मीही मग तो हट्ट सोडला आणि सांगितले की ओळ तशीच राहू द्या, गाडीची विक्री किंमत तेवढी खाली आणा. करासाठी दोन्ही सारखेच, कारण दोन्ही रकमा एकाच बेरजेत जातात. थोडी ये-जा झाल्यावर ३७,९०० चे ३६,७०० झाले, पॅकेज निघाले, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदणीचे १४९ डॉलरही निघाले. कारण ही फी मोटर व्हेइकल कमिशन घेते की तुम्ही, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर त्यांना देता आले नाही. नाव सरकारी वाटावे असे आणि रक्कम मात्र डीलरची, अशा ओळी ओळखायला हाच प्रश्न पुरतो. टायटल आणि नोंदणी यांची खरी सरकारी फी वेगळी दाखवलेली असते आणि तिच्यावर विक्रीकर लागत नाही. डीलरच्या सेवेचा आकार असेल तर लागतो. कर लावला आहे की नाही हे पाहिले तरी ती ओळ कोणाची ते कळते.

या आकारांना आळा घालण्याचा एक प्रयत्न संघराज्य पातळीवरही झाला होता. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कार्स रूल’ नावाचा नियम जाहीर केला. डीलरने गाडीची सक्तीचे सगळे आकार धरून होणारी किंमत आधी सांगावी आणि गिऱ्हाइकाला काही उपयोग नसलेल्या जादा वस्तू त्याच्या गळ्यात मारू नयेत, असा त्याचा रोख होता. डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कार्यपद्धतीतल्या त्रुटीवरून तो नियम रद्द केला. त्यामुळे पूर्ण किंमत आधी सांगण्याचे काम तूर्त गिऱ्हाइकाच्या चिकाटीवरच सोडलेले आहे.

सर्वांत जास्त पैसे वाचले ते मात्र जुन्या गाडीच्या ओळीत, आणि या ओळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या ओळखीतले बरेच लोक इथे वरवरचा आकडा पाहून निर्णय घेतात. वापरलेल्या गाड्या विकत घेणाऱ्या एका कंपनीने आमच्या सेडानला ११,६०० डॉलर देऊ केले होते आणि तसे लिहून दिले होते. डीलर देत होता १०,२००. उघडच कंपनी बरी, असे पत्नीचेही मत पडले. पण न्यू जर्सीत जुनी गाडी त्याच व्यवहारात डीलरला दिली, तर तिचे मोल नव्या गाडीच्या किमतीतून वजा करून मग कर मोजतात. म्हणजे डीलरने दिलेला प्रत्येक डॉलर प्रत्यक्षात १ डॉलर आणि सुमारे साडेसहा सेंटांचा असतो. कंपनीच्या ११,६०० ला १.०६६२५ ने भागले की १०,८७९ येतात. डीलरने त्याच्या वर काहीही दिले, तर त्याच्याकडेच गाडी देण्यात फायदा. मी कंपनीचा कागद समोर ठेवला, पण भागाकार मात्र स्वतःजवळ ठेवला. डीलर ११,००० पर्यंत आला आणि “यापेक्षा जमणार नाही, हवी तर तिकडे विका” म्हणाला. ११,००० वर ७२८ डॉलर ७५ सेंट कर वाचत होता, म्हणजे आमच्या दृष्टीने ते ११,७२८ डॉलर झाले, कंपनीच्या देकारापेक्षा सव्वाशेहून अधिक. तिथेच होकार दिला. त्याला वाटले असावे की आम्ही वेळ वाचावा म्हणून सहाशे डॉलर सोडले.

व्हर्जिनियात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने काही दिवसांनी हाच हिशेब विचारला, तेव्हा तो तिला लागू नाही असे सांगावे लागले. व्हर्जिनियात गाडीवर ४.१५ टक्के कर आहे, पण तो जुन्या गाडीचे मोल वजा न करता पूर्ण किमतीवर घेतात. कॅलिफोर्नियातही तसेच. या राज्यांत जुनी गाडी जिथे जास्त पैसे मिळतील तिथे वेगळी विकावी, डीलरला देण्यात कराचा लाभ काहीच नाही. कमी दर पाहून हुरळून जाण्याआधी तो दर कशावर लावतात ते पाहावे लागते ते असे.

सूट आणि रिबेट यांच्यातही हाच भेद लपलेला आहे. डीलर स्वतःच्या नफ्यातून देतो ती सूट विक्री किंमतच खाली आणते, म्हणून करही घटतो. उत्पादकाकडून येणारा रिबेट मात्र न्यू जर्सीत कर मोजून झाल्यावर वजा होतो, कारण डीलरला ती रक्कम उत्पादकाकडून मिळतेच आणि राज्याच्या लेखी विक्री किंमत कमी झालेली नसते. आमच्या व्यवहारात जुन्या गिऱ्हाइकांसाठीचा ५०० डॉलरचा रिबेट होता. “पाचशे इकडून काय आणि तिकडून काय, सारखेच,” असे विक्रेता म्हणाला, पण ते सारखे नाहीत, त्यांत ३३ डॉलरचा फरक आहे. रक्कम किरकोळ आहे हे मान्य. हजारोंच्या रिबेटवर ती किरकोळ राहत नाही.

पत्नीला वरच्या श्रेणीची गाडी पसंत होती, गरम होणाऱ्या मागच्या आसनांसकट. तिची विक्री किंमत ४५,६०० पर्यंत जात होती. न्यू जर्सीत एकूण विक्री किंमत ४५,००० डॉलर किंवा अधिक असेल, किंवा गाडी एका गॅलनमध्ये १९ मैलांपेक्षा कमी चालत असेल, तर ०.४ टक्के अधिभार लागतो, आणि तो ४५,००० च्या वरच्या रकमेवर नव्हे तर सगळ्या किमतीवर. म्हणजे ४५,६०० वर १८२ डॉलर ४० सेंट. त्या अधिभारामुळे नव्हे, पण एकूण आकडा पाहून ती श्रेणी मागे पडली.

विजेवर चालणाऱ्या गाडीचाही विचार केला होता. पूर्वी न्यू जर्सीत तिच्यावर विक्रीकर माफ होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून निम्मा, म्हणजे ३.३१२५ टक्के, आणि १ जुलै २०२५ पासून पूर्ण दर लागू झाला. संघराज्याची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. शिवाय जुलै २०२४ पासून अशा गाड्यांना वर्षाला २५० डॉलर आणि पुढे दरवर्षी १० डॉलरने वाढणारी वेगळी फी आहे, आणि नव्या गाडीची नोंदणी इथे चार वर्षांची एकदम होत असल्यामुळे चारही वर्षांची मिळून हजार डॉलरहून अधिक रक्कम पहिल्याच दिवशी भरावी लागते. दोन वर्षांपूर्वी गणित नक्की वेगळे आले असते.

किंमत ठरल्यावर गिऱ्हाइकाला वित्त विभागाच्या खोलीत नेतात, आणि तिथे बाहेर वाचवलेले आत परत घेण्याची पुरेपूर तयारी असते. सर्व्हिस काँट्रॅक्ट, रंगावरचा लेप, टायर-रिमचा विमा, सगळे हप्त्यात सांगितले जाते : “महिन्याला फक्त बावीस डॉलर.” सर्व्हिस काँट्रॅक्टवरही न्यू जर्सीत विक्रीकर लागतो, हे त्या खोलीतला माणूस आपणहून सांगत नाही. आम्ही यातले काही घेतले नाही. व्याजदराचे मात्र नीट बोललो. बँक डीलरला एक दर देते, डीलर त्यावर स्वतःचा वाटा चढवून गिऱ्हाइकाला दुसरा दर सांगतो. हे कायदेशीर आहे आणि सर्रास चालते. आमच्या क्रेडिट युनियनने, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेने, ५.४ टक्क्यांची पूर्वमंजुरी दिलेली होती, इथे ६.४ टक्के सांगितले. २५,००० डॉलरवर पाच वर्षांत या एका टक्क्याचे सुमारे ७०० डॉलर होतात, म्हणजे जवळजवळ डॉक फीइतके. पूर्वमंजुरीचे पत्र दाखवताच त्यांच्याकडेही ५.४ सापडला. कर आणि आकार कर्जात न मिसळता आम्ही रोख भरले, कारण कर्जात गेलेल्या विक्रीकरावर पाच वर्षे व्याज भरणे म्हणजे करावर आपणच बसवलेला आणखी एक कर. भाडेपट्टीवर गाडी घेणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की सहा महिन्यांहून मोठ्या मुदतीच्या लीजचा कर न्यू जर्सीत दरमहा नव्हे, सुरुवातीलाच पूर्ण घेतला जातो.

शेवटचा कागद असा झाला. विक्री किंमत ३६,७००, डॉक फी ७९९, जुनी गाडी ११,००० वजा. करपात्र रक्कम २६,४९९ आणि विक्रीकर १,७५५ डॉलर ५६ सेंट. टायटलची फी ८५ डॉलर, कारण गाडीवर कर्ज आहे. कर्ज नसते तर ६० लागले असते. टायर फी सहा डॉलर. रिबेट ५०० वजा. नोंदणीशुल्क सोडून एकूण २७,८४५ डॉलर ५६ सेंट. पहिल्या कागदाशी तुलना केली तर करपात्र रक्कम ३,४४४ डॉलरने उतरली आणि तिच्याबरोबर कर २२८ डॉलरने, कराच्या दराविषयी एक शब्दही न बोलता.

नोंदणीशुल्क वेगळे ठेवण्याचे कारण असे की ते गाडीच्या वजनावर आणि वयावर ठरते, आणि डीलर ते व्यवहाराच्या वेळी अंदाजाने घेतात, तोही वरचा अंदाज. पुढे खरी रक्कम कमी भरली गेली तर फरक परत द्यावा लागतो, पण आपण मागितल्याखेरीज तो येतोच असे नाही. नोंदणीची कागदपत्रे टपालाने आल्यावर मी नोंदणीपत्रावरची रक्कम आमच्या पावतीशी ताडून पाहिली, फरक दिसला, हिशेब विभागाला दोन्हींच्या प्रती जोडून ईमेल केला, आणि पुढच्या आठवड्यात चाळीस-एक डॉलरचा धनादेश आला. सोबत पत्र नव्हते.

राहिला प्रश्न भरलेल्या विक्रीकराचा. संघराज्याच्या आयकर विवरणात ठोक वजावटीऐवजी एकेक खर्च मांडून सुट्या वजावटी घेणाऱ्याला राज्याचा आयकर किंवा विक्रीकर यांपैकी एक वजा करता येतो, आणि गाडीचा विक्रीकर त्यात मिळवता येतो. आमचा राज्य-आयकर विक्रीकरापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे आम्ही आयकरच वजा केला. फ्लोरिडा किंवा टेक्सास यांसारख्या, वैयक्तिक आयकरच नसलेल्या राज्यांत राहणाऱ्यांनी मात्र गाडीची पावती विवरण भरेपर्यंत हाताशी ठेवावी.